विंचेस्टर ९४ चे जुने सुटे भाग: न्यूमरिकचं कोठार आणि बाकीच्या वाटा

‘विंचेस्टर ९४ चा कॅरिअर’ (काडतूस उचलून नळीपाशी आणणारा भाग) एवढंच लिहून मागवलेला भाग रायफलीत बसेलच असं नाही. नाव तेच, काडतूस तेच, तरी भाग दोन-तीन तऱ्हांचे असतात. जॉन मोझेस ब्राउनिंगच्या आराखड्यावरून १८९४ मध्ये सुरू झालेली ही लिव्हर रायफल कनेक्टिकटमधल्या न्यू हेवनला २००६ पर्यंत बनत राहिली आणि सत्तर लाखांहून जास्त नग बाहेर पडले. एवढा पसारा असल्यावर सुटे भाग हवे तेवढे मिळत असतील असं वाटतं. मिळतातही, पण हातातल्या नगाला लागणारा नेमका भाग शोधताना दमछाक होते. म्हणून भाग विकणाऱ्याची पारख करताना किंमत आणि डिलिव्हरी यांच्याआधी एक गोष्ट पाहावी: समोरचा भाग कोणत्या काळातला आहे हे तो स्पष्ट सांगतो का.

या कसोटीवर न्यूयॉर्क राज्यातल्या किंग्स्टनची न्यूमरिक गन पार्ट्स ही पेढी बरीच वर उतरते. १९५० पासून ती या धंद्यात आहे. कारखान्यांचा उरलासुरला माल घाऊक विकत घ्यायचा, त्यातून भाग वेगळे करायचे आणि सुटे विकायचे, अशी तिची जुनी पद्धत. तिच्या कॅटलॉगात मला सगळ्यात मोलाची वाटते ती प्रत्येक मॉडेलची खोललेली आकृती. प्रत्येक पिनेला, स्क्रूला, स्प्रिंगला क्रमांक असतो आणि खाली त्याच क्रमांकाने यादी. भागाचं नाव ठाऊक नसलं तरी चित्रावरून तो सापडतो. एकाच भागाच्या वेगवेगळ्या तऱ्हा असतील तर त्या वेगळ्या नोंदींत येतात आणि माल मूळचा, वापरलेला की नव्याने बनवलेला हेही लिहिलेलं असतं. मूळ कारखाना बंद झाला आणि नवी ९४ २०१० पासून जपानच्या मिरोकूकडून बनून येते. तेव्हा जुन्या नगाच्या धन्याला अशा कोठारांशिवाय फारसा आधार नाही.

तरी आधी स्वतःचा नग ओळखायला हवा. क्रमांक रिसीव्हरच्या, म्हणजे सगळी यंत्रणा सामावणाऱ्या मधल्या पोलादी पेटीच्या, खालच्या अंगाला, पुढच्या टोकाजवळ कोरलेला असतो. साधारण २७ लाखांच्या पुढचे क्रमांक १९६४ च्या बदलानंतरचे. त्या साली खर्च कमी करायला कारखान्याने बरंच काही बदललं. घडीव पोलादातून कापून काढलेल्या भरीव कॅरिअरच्या जागी दाबून वळवलेल्या पत्र्याचा कॅरिअर आला. भरीव पिनांच्या जागी गुंडाळलेल्या पोकळ पिना आल्या. रिसीव्हरचं पोलादही असं निवडलं गेलं की नेहमीच्या गरम ब्ल्यूइंगचा (पोलादाला निळसर-काळा रंग देण्याच्या प्रक्रियेचा) रंग त्यावर नीट चढत नाही. म्हणून त्या काळातल्या रायफलीला ‘पुन्हा निळी करून घेऊ’ म्हणत साध्या टाकीत बुडवली की रिसीव्हर नळीपेक्षा निराळ्याच रंगाचा निघतो. पत्र्याचा कॅरिअर काही वर्षांनी मागे पडला आणि भरीव कॅरिअर परत आला. १९८० च्या दशकात काडतुसाची रिकामी टोपणं (पितळी नळकांडी) तिरकी बाहेर फेकणारी आवृत्ती आली, घोड्याची (हॅमरची) रचना बदलली, १९९२ मध्ये आडवा सेफ्टी बोल्ट आला आणि २००३ मध्ये टँगवरची, म्हणजे रिसीव्हरमागे दस्त्यात जाणाऱ्या पट्टीवरची, सेफ्टी. घोडा, सिअर (घोडा अडवून धरणारा भाग), मेनस्प्रिंग (घोड्याला जोर देणारी), खालचा टँग हे भाग या टप्प्यांनुसार बदलतात. ‘९४ ला चालेल’ अशी मोघम नोंद असलेला घोडा विकत घेणं म्हणजे पैसे पाण्यात.

क्रमांक ३,५३,९९९ च्या आतला असेल तर आणखी एक सोय आहे. वायोमिंगमधल्या कोडी इथल्या कोडी फायरआर्म्स म्युझियमकडे कारखान्याच्या जुन्या नोंदवह्या आहेत आणि क्रमांकावरून ते पत्र देतात. मूळ नळी कोणत्या काडतुसाची होती आणि रायफल कोणत्या रूपात कारखान्याबाहेर पडली, हे त्यातून कळतं. शंभर वर्षांत कोणीतरी नळी बदललेली असते, दस्ता बदललेला असतो. आज दिसतं ते मूळचंच आहे असं धरून चालू नये. ०.३०-३० आणि ०.३२ स्पेशल ही दोन काडतुसं जुळी भावंडं वाटतात, पण पहिल्याच्या नळीचा खोबणीपाशीचा व्यास ०.३०८ इंच आणि दुसऱ्याच्या ०.३२१ इंच. बोल्टचे (काडतुसामागे नळी बंद करणाऱ्या ठोकळ्याचे) बरेच भाग दोघांना सारखे चालतात, नळी मात्र नाही.

आता भागांकडे. सगळ्यात जास्त गोंधळ स्क्रूंचा होतो. जुन्या विंचेस्टरचे आटे हार्डवेअरच्या दुकानातल्या कोणत्याच स्क्रूशी जुळतील याची खात्री नाही. ‘जवळपास बसतोय’ म्हणून जोर लावून फिरवला की रिसीव्हरचे आटे जातात आणि मग साध्या स्क्रूचं काम कारागिराच्या बाकावर जाऊन पडतं. म्हणून मागवण्यापूर्वी मोजमाप घ्यावं: डोक्याचा व्यास, डोक्याखालून टोकापर्यंतची लांबी, आट्यांचा बाहेरचा व्यास, आणि पिच गेज लावून इंचाला किती आटे. कॅरिअरचे दोन स्क्रू दिसायला साधे, पण कॅरिअर त्यांच्यावरच फिरतो. आतलं टोक वाकडं किंवा झिजलेलं असेल तर कॅरिअर एका बाजूला कलतो आणि काडतूस तिरकं उचललं जातं. त्यामुळे दोन्ही स्क्रू एकदमच बदलावेत. नव्याने बनवलेले स्क्रू कधीकधी किंचित लांब येतात. तेव्हा कानस आट्यांच्या टोकाला लावावी, डोक्याला कधीच नाही. स्क्रूच्या जुळणीत न्यूमरिकचा माल चांगला वाटतो, कारण वापरलेला मूळ स्क्रू निदान मूळ आट्यांचा तरी असतो.

स्क्रूची खाच फाटलेली असेल तर ती फाडणारा स्क्रूड्रायव्हर जवळपास नेहमीच घरातला, पाचरीसारखा निमुळता असतो. त्याचं टोक खाचेच्या तळाला टेकत नाही, फक्त वरच्या कडेला धरतं आणि कड सोलून काढतं. १९३९ पासून आयोवात असलेल्या ब्राउनेल्सकडे मिळणारे समांतर बाजूंचे बदलते बिट इथे उपयोगी पडतात. बिट खाचेत रुंदी आणि जाडी दोन्हीने घट्ट बसला पाहिजे. गंजलेल्या स्क्रूवर आधी भेदक तेल सोडून रात्रभर ठेवावं आणि दुसऱ्या दिवशी बिट खाचेत नीट बसवून त्यावर हलकासा टोला द्यावा. जोर नंतर लावायचा, तोही दाबून धरून.

स्प्रिंगांच्या बाबतीत माझं मत ठाम आहे: वापरलेली मेनस्प्रिंग घेऊ नये, मूळची असली तरी. जुन्या ९४ ची मेनस्प्रिंग सपाट पट्टीची. सत्तर-ऐंशी वर्षं दाबून राहिलेल्या पट्टीत किती जीव उरलाय हे फोटोवरून कुणालाच सांगता येत नाही. पण नवी मागवण्याआधी एक गोष्ट तपासावी. टँगच्या खालून स्प्रिंगला ताण देणारा एक स्क्रू असतो. घोडा हलका लागावा म्हणून मधल्या कोणीतरी तो सैल केलेला असतो. मग प्रायमरवर (काडतुसाच्या बुडातल्या पेटत्या टोपीवर) टोला कमी पडतो, काडतूस उडत नाही आणि दोष स्प्रिंगच्या किंवा प्रायमरवर आदळणाऱ्या फायरिंग पिनच्या माथी मारला जातो. तो स्क्रू घट्ट करा, बोल्टच्या भोकातलं वाळलेलं, राळेसारखं झालेलं जुनं तेल धुऊन काढा, आणि मग बघा. निम्म्या वेळा भाग मागवायची गरजच राहत नाही.

फायरिंग पिन मात्र तुटते. टोक तुटलं की पिन बदलायची. टोक घासून पुन्हा गोल करणं हा इलाज नाही, कारण त्याने पिनेची लांबी कमी होते. नव्या पिनेचं टोक भिंगाखाली पाहावं. ते अर्धगोल आणि गुळगुळीत असावं. अणकुचीदार टोक प्रायमर फोडतं आणि गरम वायू बोल्टमधून मागे येतो. ९४ मध्ये घोडा थेट पिनेवर पडत नाही. मागचा उभा लॉकिंग बोल्ट वर येऊन बसला की त्यातला छोटा स्ट्रायकर घोड्याचा टोला पुढच्या पिनेला पोचवतो. लिव्हर अर्धवट उघडी असेल तर हा दुवा जुळत नाही. म्हणून स्ट्रायकर आणि त्याची स्टॉप पिन लहान दिसतात म्हणून त्यांच्याकडे दुर्लक्ष करू नये. मागवताना फायरिंग पिनेसोबतच तिची स्टॉप पिनही मागवावी. जुनी वाकलेली असण्याचीच शक्यता जास्त.

कॅरिअरपाशी जरा थांबायला हवं, कारण १९६४ नंतरच्या रायफलींची जास्त रडकथा तिथेच असते. लिव्हर खाली नेल्यावर कॅरिअर काडतूस उचलून नळीच्या तोंडापाशी आणतो. पत्र्याचा कॅरिअर वाकला किंवा त्याची कड झिजली की तो पूर्ण उंचीला येत नाही. मग गोळीचं नाक चेंबरच्या (नळीतल्या काडतूस बसायच्या जागेच्या) खालच्या काठावर आपटतं आणि रायफल अडकते. कॅरिअर बदलण्याआधी त्याची सपाट स्प्रिंग आणि तिचा स्क्रू बघावा. स्क्रू सैल असेल तरी लक्षणं नेमकी हीच दिसतात. तपासणी डमी काडतुसांनीच करावी, खऱ्यांनी नव्हे. पाच डमी भरून लिव्हर एकदा सावकाश आणि एकदा जोरात फिरवावी. सावकाश फिरवताना अडकते आणि जोरात फिरवल्यावर चालते, असं झालं तर उंचीचा दोष; कॅरिअर वर येतो तो वेगाच्या जोरावर. दोन्ही वेळा अडकते तर बाजूच्या दोन काडतूस-मार्गदर्शक पट्ट्या पाहाव्यात. प्रत्येकीला एक स्क्रू असतो आणि तो बाहेरून दिसतो. तो सैल असेल तर पट्टी आत सरकून काडतुसाची वाट अडवते.

काडतुसं भरायच्या बाजूच्या झडपेचा पत्रा वाकतो त्या जागी तडा जातो. तिला उजव्या बाजूचा एकच स्क्रू धरून ठेवतो, त्यामुळे बदलणं सोपं. पण नव्याने बनवलेल्या झडपांच्या कडा कधीकधी कापलेल्या तशाच धारदार असतात. बसवण्याआधी बारीक दगडाने आतली कड मोडावी, नाहीतर काडतुसाच्या पितळेवर ओरखडे उठतात आणि अंगठाही कापतो.

एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे चेंबरमधून टोपण ओढून काढणारा आकडा, हा भाग स्वतःच स्प्रिंगचं काम करतो, आणि इथे नव्या-जुन्यातला फरक पैशात मोजता येतो. मूळचा घडीव असला तरी झिजलेला असू शकतो. नवीन साच्यात ओतलेला असला तरी त्याची कड शाबूत असते. विकत घेताना आकड्याच्या आतल्या काठाचा जवळचा फोटो मागावा. काठ गोल झालेला असेल तर तो टोपण ओढत नाही, नुसता घसरतो. बसवताना काजळी धरावी: मेणबत्तीच्या ज्योतीत नवा भाग काळा करायचा, बोल्टमध्ये बसवून हलवायचा आणि काढून पाहायचं. जिथे काजळी पुसली गेली तिथेच तो घासतोय. तेवढ्याच जागेवर दगडाचे दोन-तीन हात फिरवून पुन्हा काजळी. कानस फिरवायची ती नव्या, स्वस्त भागावर. बोल्टवर किंवा रिसीव्हरवर नाही. जुना भाग काम संपेपर्यंत जपून ठेवावा, मोजमापाला त्याच्याइतका भरवशाचा नमुना दुसरा नाही.

घोडा आणि सिअर वापरलेले मिळतात, पण मी त्यांच्यापासून लांब राहायला सांगेन. चाप हलका करण्यासाठी खाचा घासलेला घोडा बाहेरून ओळखू येत नाही. घेतलाच तर रायफल रिकामी आहे हे चेंबर आणि मॅगझिन दोन्ही पाहून आधी पक्कं करावं, घोडा अर्ध्या खाचेवर (अर्धवट मागे ओढून अडकवायच्या सुरक्षित जागी) ठेवावा आणि चाप नेहमीपेक्षा जोरात ओढावा. घोडा पडला तर तो भाग कचऱ्यात. त्या खाचेवरच जुन्या ९४ ची सगळी सुरक्षितता अवलंबून आहे.

लॉकिंग बोल्ट आणि ब्रीच बोल्ट हे ‘मागवा आणि बसवा’ प्रकारातले भागच नाहीत. दुसऱ्या रायफलीतला बोल्ट घातला की हेडस्पेस बदलते, म्हणजे बोल्टचा चेहरा आणि काडतुसाच्या कडेची बैठक यांतली फट. ०.३०-३० साठी गेज असतात: ०.०६३ इंचाच्या ‘गो’ गेजवर बोल्ट बंद झालाच पाहिजे, ०.०६७ च्या ‘नो-गो’वर होता कामा नये, आणि ०.०७० च्या ‘फील्ड’ गेजवर बंद होत असेल तर ती रायफल चालवायची नाही. गेज लावताना एक्स्ट्रॅक्टर काढून ठेवावा आणि लिव्हर बोटाच्या हलक्या दाबाने मिटावी. जोर लावला की गेज खोटं बोलतं. ही जुळणी गनस्मिथकडूनच करून घ्यावी. ज्या विक्रेत्याच्या नोंदीत बोल्टसोबत हा इशारा लिहिलेला असतो, त्याच्या बाकीच्या नोंदींवरही माझा विश्वास वाढतो.

मूळ भाग मिळतच नाही तेव्हा पुढची वाट नव्याने बनवलेल्या भागांची. वॉशिंग्टन राज्यातली विस्नर्स ही पेढी बंद झालेल्या रायफलींचे भाग बनवते, आणि जिथे कोठारात ‘शिल्लक नाही’ असं दिसतं तिथे तिच्याकडे विचारावं. असे भाग बहुधा थोडे जाड ठेवलेले असतात, म्हणजे हाताने बसवायला वाव मिळतो. ज्याच्याकडे दगड, कानस आणि सवड आहे त्याला हे चांगलं. ज्याला पाकीट फोडून लगेच बसवायचं आहे त्याने वापरलेला मूळ भाग शोधावा.

ऑनलाइन लिलाव आणि गन शो इथे भाव जिकडेतिकडे पळतात. तिथे उपयोगी पडतो तो खोलून विकलेला अख्खा नग, कारण एकाच रायफलीतून निघालेले भाग एकमेकांना सरावलेले असतात. विक्रेत्याला तीन प्रश्न विचारावेत: भाग ज्या रायफलीतून काढला तिचा क्रमांक कोणत्या लाखात होता, भागाला वेल्डिंग किंवा घासकाम झालंय का, आणि पाठच्या बाजूचा फोटो मिळेल का. पहिल्या प्रश्नाला उत्तर नसेल तर पुढे बोलू नये. वापरलेल्या मालाच्या कुठल्याही कॅटलॉगात फोटो बहुधा नमुन्याचा असतो, नेमक्या त्याच नगाचा नसतो. न्यूमरिककडून मागवतानाही हे ध्यानात ठेवावं आणि भाग आल्याबरोबर मोजून घ्यावा. एकदा कानस लागली की कुणीच परत घेत नाही.

पोस्टाचा खर्च हा खरा सल. दोन पिनांच्या पाकिटाला पिनांइतकेच डॉलर पोस्टाला जातात. म्हणून दुरुस्ती सुरू करण्यापूर्वी रायफल पूर्ण खोलून, सगळे झिजलेले भाग एका यादीत लिहून, एकदाच मागवावं. पोकळ पिना, कॅरिअरचे स्क्रू, इजेक्टरची (टोपण बाहेर फेकणाऱ्या भागाची) स्प्रिंग आणि मॅगझिनची लांब स्प्रिंग या चार गोष्टी यादीत असाव्यातच. एवीतेवी खोललीच आहे तर त्या नव्या घालणं शहाणपणाचं.

कायद्याची एक गोष्ट. अमेरिकेत १९६८ च्या गन कंट्रोल अॅक्टनुसार नुसता रिसीव्हरही बंदूकच धरला जातो. बाकीचे भाग सहसा थेट घरी येतात, पण रिसीव्हर परवानाधारक डीलरमार्फतच हलतो. १८९८ पर्यंत बनलेल्या रायफली केंद्रीय कायद्यात पुराणवस्तू ठरतात, म्हणून सुरुवातीच्या ९४ ला वेगळा नियम. राज्यांचे नियम मात्र याहून कडक असू शकतात. भाग देशाबाहेर पाठवायला निर्यात परवाना लागू शकतो.

राहिला दस्ता. मूळ अक्रोडाचा दस्ता मिळाला तर तो बहुतेक वेळा वरच्या टँगच्या मागे चिरलेला असतो. टँगचं टोक थेट लाकडाला टेकलं की प्रत्येक बारात ते पाचरीसारखं लाकडात शिरतं. चीर चिकटवून भागत नाही. टँगच्या टोकामागे जाड कागदाएवढी फट ठेवावी लागते आणि धक्का रिसीव्हरच्या मागच्या सपाट बाजूंनी घ्यायला हवा. अर्धवट कोरलेला नवा दस्ता घेतला तर इथेही काजळी धरूनच लाकूड काढायचं, एका वेळी कागदाच्या जाडीएवढं. टँगचा स्क्रू हाताने सहज आत जायला हवा. स्क्रूच्या जोरावर दस्ता ओढून बसवावा लागत असेल तर अजून लाकूड उतरवायचं बाकी आहे.